रेड सॉक्स आणि यांकीज या दोन्ही टीमकडून खेळलेले बेसबॉल खेळाडू कोण?

तुम्ही विचारलंय की ते रोजचं नऊ चौकोनांचं बेसबॉलचं कोडं असतं त्यात बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीजचा चौकोन आला, म्हणजे दोन्हीकडून खेळलेला खेळाडू हवा असला, की बेब रूथ सोडून कोणाचं नाव टाकायचं, आणि एवढं कट्टर वैर असताना लोक या टीममधून त्या टीममध्ये जातात तरी कसे. मी बरीच वर्षं बोस्टनजवळ राहतोय आणि पक्का रेड सॉक्सवाला आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी ती नावं सांगतो जी सगळेच टाकतात. बेब रूथ अर्थातच. बोस्टनने त्याच्या जोरावर १९१५, १९१६ आणि १९१८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची फायनल, जिंकली, तेव्हा तो मुख्यतः पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर, आणि १९१९ ला त्याने २९ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारून रेकॉर्ड केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी मालक हॅरी फ्रेझीने त्याला एक लाख डॉलरला यांकीजला विकून टाकलं. पुढच्याच सीझनला रूथने ५४ मारले. यांकीजने तोवर एकही वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती, १९२३ ला पहिली जिंकली, आणि आम्हाला १९१८ नंतरची पुढची मिळायला २००४ उजाडलं, ८६ वर्षं!! इथले म्हातारे लोक अजून फ्रेझीचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

मग जॉनी डेमन. लांब केस, दाढी, २००४ च्या सेमीफायनलला यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे असताना आम्ही चार मॅच ओळीने जिंकलो आणि सातव्या मॅचमध्ये यांकीजच्याच मैदानावर डेमनने दोन होमरन ठोकले, त्यातला एक तर तिन्ही बेस भरलेले असताना, म्हणजे एका फटक्यात चार रन. आणि २००६ ला हाच माणूस ५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर यांकीजमध्ये, दाढी साफ, केस कापलेले, कारण तेव्हा यांकीजमध्ये दाढी चालत नव्हती. फेनवेवर, म्हणजे बोस्टनच्या मैदानावर, परत आला तेव्हा त्याला जबरदस्त हुर्यो मिळाली. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की ते चुकीचं होतं, आपल्या ८६ वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या माणसाने चार वर्षांचा चांगला करार घेतला तर त्यात गद्दारी कसली. २००९ ला त्याने त्यांच्याकडूनही वर्ल्ड सिरीज जिंकली.

वेड बॉग्ज आणि रॉजर क्लेमेन्स ही पण नेहमीचीच नावं. बॉग्जने बोस्टनकडून बॅटिंगमध्ये पाच वेळा लीगमध्ये पहिला नंबर काढला पण वर्ल्ड सिरीज मिळाली ती १९९६ ला यांकीजकडून, आणि त्या रात्री तो पोलिसाच्या घोड्यावर मागे बसून मैदानभर फिरला. बरीच वर्षं इथे त्याबद्दल राग होता पण २०१६ ला रेड सॉक्सने त्याचा २६ नंबर रिटायर केला, तो आता दुसऱ्या कोणाला देत नाहीत, म्हणजे मिटलं.

पण त्या कोड्यात जेवढं कमी लोकांनी टाकलेलं नाव तेवढा स्कोअर चांगला, म्हणून खरी मजा पुढे आहे, आणि माझ्या मते या दोन टीमचं नातं कळायचं असेल तर उलट्या दिशेने, म्हणजे यांकीजकडून बोस्टनला आलेल्यांकडे बघावं.

एल्स्टन हॉवर्ड. कॅचर, आपल्याकडच्या विकेटकीपरसारखा. १९५५ ला यांकीजकडून खेळलेला पहिला काळा खेळाडू, १९६३ चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एप्रिल १९६७ ला बिली रोहर नावाचा बोस्टनचा नवखा पिचर आयुष्यातली पहिलीच मोठी मॅच खेळत होता, यांकी स्टेडियमवर, आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला दोन आउट होईपर्यंत त्याने यांकीजला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, दिली नव्हती. फक्त एक आउट हवा होता. पहिल्याच मॅचमध्ये नो-हिटर, विचार करा! समोर आला हॉवर्ड आणि त्याने सरळ हिट मारली, संपलं. बोस्टनने मॅच जिंकली पण त्या पोराचा इतिहास गेला आणि पुढे तो फार टिकलाही नाही. आता ऐका, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यांकीजने हॉवर्डला बोस्टनला ट्रेड केलं, म्हणजे अदलाबदलीत देऊन टाकलं! वय ३८, बॅट काही फारशी चालली नाही, पण आमचे पिचर तरुण होते आणि त्यांना सांभाळून घेणारा कॅचर मिळाला, आणि आदल्या वर्षी दहात नवव्या असलेल्या टीमने लीग जिंकली, वर्ल्ड सिरीज सातव्या मॅचला हरली. एप्रिलमध्ये ज्याने काळीज फोडलं तोच सप्टेंबरमध्ये आपला. मला ही गोष्ट रूथपेक्षा जास्त आवडते.

दुसरा पिचर माइक टोरेझ, आणि हा लिहिताना अजून त्रास होतो. १९७७ ची वर्ल्ड सिरीज यांकीजने जिंकली त्यातल्या दोन मॅच याने पूर्ण टाकल्या, शेवटच्या मॅचचा शेवटचा कॅच पण यानेच घेतला. लगेच बोस्टनने त्याला मोठा करार देऊन आणलं. १९७८ ला जुलैमध्ये यांकीज आमच्या १४ मॅच मागे होते, तिथून ते वर आले आणि १६२ मॅचनंतर दोघं बरोबरीत. म्हणून २ ऑक्टोबरला फेनवेवर एक जादा मॅच. टोरेझ सातव्या इनिंगपर्यंत २-० ने पुढे. समोर बकी डेंट, बॅटिंग ऑर्डरमध्ये नववा, होमरनसाठी कोणी त्याला ओळखतच नव्हतं. बॉल स्वतःच्याच पायावर मारून घेतला, कळवळला, थांबला, बॅट बदलली, आणि पुढचा बॉल डावीकडच्या ३७ फुटी हिरव्या भिंतीवरून बाहेर, तीन रन. मॅच ५-४ ने गेली. डेंटच्या नावात मधे एक शिवी घालूनच बोस्टनमध्ये त्याचा उल्लेख होतो. पण टोरेझने त्या सीझनला आम्हाला १६ मॅच जिंकून दिल्या होत्या हे कोणी बोलत नाही. ज्या टीमला वर्षापूर्वी त्याने चॅम्पियन केलं त्यांनीच त्याच्याकडून हे वसूल केलं, वाईट वाटतं.

आणि एक जुना पिचर, रेड रफिंग. लहानपणी खाणीत अपघात होऊन एका पायाची चार बोटं गेलेली. बोस्टनकडून ३९ विजय आणि ९६ पराभव (बेसबॉलमध्ये ते पिचरच्या नावावर लागतात), १९३० ला यांकीजला गेला आणि तिथे २३१ विजय, १२४ पराभव, आणि बेसबॉलच्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा. हात तोच होता, फक्त पाठीमागे रन करणारी टीम आली.

कोड्यात एक नाव एकदाच वापरता येतं हे लक्षात ठेवा. टोरेझ कार्डिनल्स, एक्सपोज, ओरिओल्स, ए'ज आणि मेट्सकडूनही खेळलाय, त्यामुळे त्याला दुसऱ्या चौकोनासाठी राखून ठेवा आणि इथे रफिंग टाका.