मुलाच्याच पेशींपासून कान वाढवून बसवता येतो का?
हो, बसवून झालाय. पण मागितला की मिळेल असा उपचार अजून नाही. जन्मतः कान खुरटलेल्या 5 मुलांवर चिनी डॉक्टरांनी हे केलं, त्याचा शोधनिबंध 2018 चा. खुरटलेल्या कानातल्याच कूर्चेच्या (कानाला आकार देणाऱ्या लवचिक, मऊ हाडासारख्या भागाच्या) पेशी वाढवल्या, चांगल्या कानाची आरशातली प्रतिमा वाटावी अशा विरघळणाऱ्या साच्यावर पेरल्या आणि सुमारे 3 महिन्यांनी त्वचेखाली बसवल्या. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे: साचा विरघळेपर्यंत नवी कूर्चा कडक झाली नाही, तर ताणलेली कातडी कानाच्या घड्या सपाट करून टाकते. म्हणून सर्जन अजूनही बहुधा बरगडीची कूर्चा कोरूनच कान घडवतात. (1997 मध्ये पाठीवर माणसाच्या कानासारखा आकार वाढवलेला एक उंदीर गाजला होता, पण त्या कानातल्या पेशी माणसाच्या नव्हे, वासराच्या होत्या.) आणि यातून फक्त बाहेरचा कान मिळतो, ऐकू येण्याचा इलाज वेगळा करावा लागतो.