वाचक विचारतात : सुपरहिरोंना मुंबईत भाड्याने घर मिळेल का?

मागच्या अंकात क्वीअर (म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर एक छोटा लेख होता, त्यावर पत्रं आणि ईमेल बरेच आले. काही प्रेमाचे, काही चिडलेले, एकात तर फक्त 'शी!' (त्यांना उत्तर नाही). चार घेतलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : ताई, मी २० वर्षांचा, डोंबिवलीला राहतो, कॉलेज मुंबईत. मी गे आहे, घरी माहीत नाही. एक्स-मेनचा लहानपणापासून फॅन. आता मीच मराठीत एक सुपरहिरोंची गोष्ट लिहितोय. पाच जण, कुणी घर सोडलंय कुणाला घरच्यांनी काढलंय, परळला एकत्र राहतात आणि तीच त्यांची फॅमिली. मित्राला वाचायला दिली तर म्हणाला हे सगळं अमेरिकन आहे, आपल्याकडे चोझन फॅमिली, म्हणजे रक्ताची नसलेली, आपणच निवडलेली फॅमिली, वगैरे काही नसतं, कॉपी मारतोयस. खरंच तसं आहे का?

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू. प्रकार अमेरिकनच आहे. एक्स-मेन १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बीने आणले आणि त्यातली गोम अशी की बाकी हिरोंना शक्ती मिळते ती कोळी चावून नाहीतर लॅबमध्ये काहीतरी अंगावर सांडून, पण या म्युटंट पोरांमध्ये ती जन्मापासूनच असते आणि बहुतेकांची वयात येताना अचानक बाहेर पडते, म्हणजे ज्या वर्षी आवाज फुटतो त्याच वर्षी डोळ्यांतून किरणं पण फुटतात, आणि तेही आईबापांच्या देखत. मग घरचे घाबरतात, शेजारी कुजबुजतात, आणि व्हीलचेअरवरचे एक प्रोफेसर येऊन म्हणतात, चल, माझ्याकडे शाळा आहे. हे वाचून एखाद्या गे मुलाला 'अरे ही तर माझीच गोष्ट' असं वाटणार नाही तर काय. गंमत म्हणजे तेव्हा त्या कॉमिक्समध्ये गे माणूस औषधालाही नव्हता. असूच शकत नव्हता, कारण १९५४ मध्ये अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड नावाची नियमावली लादून घेतली होती, तिच्यात 'असल्या विकृती'चा नुसता इशारा द्यायलाही बंदी होती. ती उठली १९८९ ला. तोपर्यंत वाचक बिचारे जे छापलेलंच नाही ते वाचत बसले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९९२ ला, मार्व्हल या प्रकाशकाच्या 'अल्फा फ्लाइट' मालिकेचा १०६ वा अंक आला. त्यात नॉर्थस्टार नावाच्या कॅनेडियन हिरोला टाकून दिलेली एक तान्ही मुलगी सापडते, तिला एड्स आहे, आणि तो तिला दत्तक घेतो. सगळा देश त्या बाळासाठी हळहळतो. तेवढ्यात एक जुना, दुसऱ्या महायुद्धातला हिरो खवळून हॉस्पिटलवर चाल करून येतो, कारण त्याचा मुलगा गे होता, एड्सनेच गेला, आणि त्याच्यासाठी कुणी एक अश्रू ढाळला नव्हता. त्या मारामारीत नॉर्थस्टार सांगून टाकतो की मीही गे आहे. बाळ शेवटी वाचत नाही. आता खरं सांगू, संवाद भयंकर आहेत, एकमेकांना भिंतीतून आरपार फेकताना दोघं लांबलचक भाषणं देतात. पण क्रम बघ. आधी मूल उचललं, मग स्वतःबद्दल बोलला. आणि समोरचा जो 'व्हिलन' आहे तो खरं तर पोर गेलेला बाप आहे. (पुढे प्रकाशकाने या विषयावर मूग गिळले ते गिळलेच, १९९४ ला नॉर्थस्टारची स्वतःची मालिका आली त्यातही अवाक्षर नाही. त्याचं लग्न लागायला २०१२ उजाडलं.)

आता मित्राचं चुकलेलं अर्धं. आपल्याकडे नसतं? परळलाच राहतोस ना गोष्टीत, मग परळ विचारात घे की. गिरणीच्या काळात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत वीस-वीस जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की दुसरा त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बाई कुणाची आई नाही न कुणाची बहीण, पण कोण आजारी आहे, कोणाचे पैसे थकलेत, कोण हल्ली दारू पितोय हे सगळं तिला ठाऊक. प्रेमा पुरवांनी १९७५ ला अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. उगाच गोडवे गात नाही मी, त्या खोल्यांमध्ये गाव आणि जात बघूनच घ्यायचे.

आणि हिजडा समाजातली घराणी तर मुंबईत कित्येक पिढ्यांची आहेत, लष्करवाला, भेंडीबाजारवाला, बुलाकवाला वगैरे. तिथे गुरू म्हणजे आई, चेला म्हणजे लेक, चेल्याची चेला ती नात. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' वाच, मराठीत आहे. तिथेही सगळं गोडगोड नाही, गुरूचा शब्द मोडला तर दंड भरावा लागतो, कमाईतला वाटा द्यावा लागतो, भांडणं पंचायतीपर्यंत जातात. म्हणजे अगदी कुटुंबच म्हण ना.

तर कॉपी कुठे होते सांगू? तुझे पाच जण राहायला लागले कसे तेच तू लिहिलेलं नाहीस (आठ पानं पाठवलीस ती वाचली). थेट गच्चीवर उभे, वारा सुटलाय, केप फडफडतेय. अरे मुंबईत पाच जणांना, त्यातले दोन ट्रान्स, एक हिरवा, खोली दिली कुणी? ब्रोकरचा पहिला प्रश्न काय असतो? 'फॅमिली आहे का? बॅचलर चालणार नाही सोसायटीत.' अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट कुणाच्या नावावर, पोलीस व्हेरिफिकेशनला कुणाचे फोटो दिले, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये उडून येणारा माणूस सही कुठे करतो? तुझी सगळी चोझन फॅमिली त्या 'फॅमिली आहे का' या प्रश्नावर उभी आहे आणि तो तूच गाळलास. खलनायक कोण ते नंतर ठरव, आधी डिपॉझिट कोणी भरलं ते सांग. आणि त्यांना भांडू दे रे. एक्स-मेनमध्ये मला जगबुडीपेक्षा ते प्रोफेसरांच्या शाळेच्या अंगणात बेसबॉल खेळताना शक्ती वापरून चीटिंग करतात ती पानं जास्त आवडतात.

घरी सांगायचं का, हे तू विचारलेलं नाहीस म्हणून मीही बोलत नाही. कॉलेज संपून पाय रोवेपर्यंत थांबलास तर त्यात भित्रेपणा नाही, एवढंच.

प्रश्न : नमस्कार ताई. मी मुलुंडची, वय ५३. मुलीने गेल्या वर्षी सांगितलं की ती लेस्बियन आहे. धक्का बसला, रडले, पण आम्ही दोघांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. आता ती मैत्रिणींच्या ग्रुपला 'माझी चोझन फॅमिली' म्हणते. दिवाळीत पहिल्या अंघोळीला पण तिकडेच. मग आम्ही कोण? कुठे कमी पडलो? तिने मला बॅटवुमनचं एक कॉमिक वाचायला दिलंय, चित्रं सुंदर आहेत पण मला निम्मं कळलं नाही.

उत्तर : ताई, ते कॉमिक परत काढा. वर्णनावरून ते ग्रेग रकाने लिहिलेलं आणि जे. एच. विल्यम्सने काढलेलं दिसतंय. मारामाऱ्या सोडून द्या, मला पण त्या पूर्ण कळत नाहीत. मधला भूतकाळाचा भाग शोधा, जिथे केट, म्हणजे पुढची बॅटवुमन, लष्कराच्या अकॅडमीत आहे. अमेरिकन लष्करात १९९३ ते २०११ असा नियम होता की गे-लेस्बियन असाल तर गप्प राहा, आम्ही विचारणार नाही, पण कळलं तर बाहेर. केटबद्दल वर कळतं. वरिष्ठ तिला सुटायची वाट दाखवतात, म्हण की हे खोटं आहे. ती खोटं बोलत नाही आणि सगळं करिअर तिथेच सोडते. मग ती बापाकडे जाते, तोही कर्नल. ते पान नीट बघा. बाप चिडत नाही, तिने आब राखला म्हणून त्याला अभिमान वाटतो. पुढे ती बॅटवुमन होते तेव्हा तिची सगळी सामग्री उभी करणारा, रात्री कानात बोलून तिला वाट दाखवणारा तोच असतो.

दुकानात शेकड्याने कॉमिक्स आहेत ज्यात आईबाप दुष्ट आहेत. लेकीने तुम्हाला नेमकं हे दिलंय, ज्यात बाप टीममध्ये आहे. मला तरी यात तक्रार दिसत नाही हो.

मैत्रिणींचं म्हणाल तर तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी काही गोष्टी तुम्हाला माहीत नाहीत. ब्रेकअप झालं तर ऑफिसात काय सांगायचं, कुठल्या डॉक्टरकडे गेलं की लग्नाबद्दल लेक्चर मिळत नाही, लोकलमध्ये कुणी बघून बोललं तर काय करायचं. हे ज्यांच्यावर गुदरलंय त्याच सांगू शकतात. त्यातल्या एखादीला घरी दिवाळीच नसेल हेही शक्य आहे, आणि कदाचित तुमची लेक तिथे गेली ती तिच्यासाठी. विचारून बघा. आणि पहिली अंघोळ गेली तर गेली, भाऊबीजेला सगळ्यांना जेवायलाच बोलवा ना. फक्त आल्या आल्या 'तुमच्या घरी माहीत आहे का गं?' हा प्रश्न नको.

प्रश्न : मी दादरचा, वय ६८. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ होता. साधा सरळ हिरो. आता प्रत्येक गोष्टीत हे विषय मुद्दाम घुसवतात. मुलांनी काय आदर्श घ्यायचा?

उत्तर : काका, वेताळावर माझाही जीव आहे, पण तुम्ही त्याचं घर आठवा. कवटीच्या गुहेत राहणारा माणूस, सोबतीला बांदर जमात, लांडगा, घोडा, आणि रेक्स आणि टॉम ही दोन पोरकी मुलं, जी त्याने वाढवली. लग्न झालं, जुळी झाली, ते सगळं फार नंतर. सुपरमॅन शेतात सापडलेला, केंट दांपत्याने वाढवलेला. रॉबिनचे आईवडील सर्कशीत मारले गेले आणि १९४० पासून तो बॅटमॅनच्या घरी. त्या घरावरही १९५४ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाने संशय घेतला होता, की दोन पुरुष एका बंगल्यात फुलदाण्या सजवून राहतात म्हणजे काहीतरी आहे! तुम्ही लहानपणापासून रक्ताचं नातं नसलेली कुटुंबंच वाचत आलात काका, तेव्हा कधी पत्र नाही लिहिलंत.

'घुसवतात' या तक्रारीत थोडं तथ्य आहे. जून, म्हणजे क्वीअर लोकांचा प्राइड महिना, आला की मुखपृष्ठावर सप्तरंग आणि आत त्या पात्राला दोन वाक्यं, हे होतं. तो धंदा आहे, त्यावर चिडू या की दोघं मिळून.

प्रश्न : आम्ही दोघं पुरुष, मीरा रोडला नऊ वर्षं एकत्र. मध्यंतरी पार्टनरचा अपघात झाला, हॉस्पिटलच्या काउंटरवर मला विचारलं 'तुम्ही पेशंटचे कोण?' आणि मी 'भाऊ' म्हणालो. कॉमिक्स वगैरे ठीक आहे, पण कागदावर आम्ही कोण?

उत्तर : कागदावर अजून फार कमी. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्यात तर कुटुंबाची व्याख्याच रक्त, लग्न किंवा कायदेशीर दत्तक अशी केली, म्हणजे ज्या समाजात गुरू-चेला हेच घर आहे त्यांच्याच कायद्यात गुरू कुणीच नाही! दुसऱ्या बाजूने मद्रास हायकोर्टाने मे २०२५ मध्ये दोन तरुणींच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलं की कुटुंब बनायला लग्न हा एकच मार्ग नाही आणि चोझन फॅमिली ही कल्पना आता मान्य झालेली आहे. छान वाटतं वाचायला, पण काउंटरवरच्या माणसाने तो निकाल वाचलेला नसतो.

म्हणून आज हातात काय आहे ते करून टाका. बँकेत जॉइंट खातं उघडा आणि एकमेकांना नॉमिनी करा, केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की यात क्वीअर व्यक्तींना काही आडकाठी नाही, एका रेशनकार्डावर नाव लावण्याबद्दलही राज्यांना कळवलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कुणाही सज्ञान माणसाला, नातेवाईक नसला तरी, आपला प्रतिनिधी म्हणून नेमता येतं, साध्या कागदावर लिहून सही करून. तो कागद फक्त मानसिक उपचारांपुरता चालतो, अपघाताच्या वॉर्डात नाही, पण करून ठेवा. आणि मृत्युपत्र, हे सगळ्यात आधी, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण नंतर गावाहून सख्खा भाऊ आला तर ते त्याला द्यावे लागू शकतात. स्वतः कमावलेलं कुणाच्याही नावे ठेवता येतं. साक्षीदार दोन लागतात, आणि तुम्ही एकमेकांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नका, त्यासाठी दुसरे दोन मित्र पकडा, शक्यतो वयाने लहान.