स्कोप बदलण्याआधी खालचे चार स्क्रू बघा

एल्कच्या पहिल्या शिकारीआधी गोळ्या भरकटतायत म्हणून रायफलीवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, बदलायचा विचार करताय ही तुमची पोस्ट वाचून माझाच जुना ऑक्टोबर आठवला. अमेरिकेतलं कोलोराडो, एल्क (मोठ्या जातीचं हरीण) मारायचा टॅग म्हणजे परवाना, हातात थर्टी-ओ-सिक्स रायफल. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ आणि पुढच्या दोन गोळ्या चार इंच डावीकडे. "स्कोप बिघडलाय वाटतं, आता सरळ ५-२५x५६ घेऊन टाकू का?" (म्हणजे ५ ते २५ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५६ मिलिमीटरची) हे तुमचं वाक्य मी तेव्हा बायकोला जसंच्या तसं ऐकवलं होतं.

घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको.

हंटर एज्युकेशन (शिकारीचा सुरक्षा-कोर्स), केशरी जाकीट वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही. मी कुठे आपटलो ते सांगतो.

रायफल घेतली त्याच दुकानात, काउंटरवरच्या मुलाने वीस मिनिटांत बेस (रायफलीवर स्क्रूने बसणारी पट्टी), रिंग (स्कोप धरणारी कडी) आणि स्कोप बसवून दिला. बोअर-साइट केलं, म्हणजे स्कोप नळीच्या रोखाने ढोबळ जुळवला, आणि म्हणाला, आता थेट डोंगरात जा. (बोअर-साइट म्हणजे झिरो नव्हे; झिरो म्हणजे ठरल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल असं स्कोप जुळवणं. ते फक्त पहिली गोळी कागदावर लागावी म्हणून असतं.) रेंजवर गोळ्या भरकटायला लागल्या तसा दुकानात फोन केला. उत्तर आलं, स्कोप कंपनीला पाठवा. पाठवला. काही आठवड्यांनी परत आला, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. पुन्हा दुकान. आता म्हणे गोळ्या बदलून बघा. चार प्रकारच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या खेपेला निदान झालं की मीच ट्रिगर झटकतोय. त्यासाठी शिकवणीचे पैसेही भरले. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! एवढ्या फेऱ्यांत एकानेही स्कोप उतरवून त्याच्या खाली बघितलं नाही. मीही नाही, हे कबूल करतो.

शेवटी नवा, महागडा स्कोप घेतला. आणि इथे मी खरी माती खाल्ली: तो त्याच दुकानात, त्याच बेसवर बसवून घेतला. रेंजवर दहा गोळ्या बऱ्या लागल्या, त्यावर विसंबून निघालो. तिसऱ्या सकाळी साधारण १८० यार्डांवर नर एल्क आडवा उभा. गोळी पाठीवरून गेली. तीन तास रक्ताचा थेंब शोधत फिरलो, काही नव्हतं. जनावर जखमी होऊन कुठे तडफडत पडलं नाही, एवढंच नशीब. तो टॅग सोडतीत पाच वर्षं प्रेफरन्स पॉइंट (नंबर न लागलेल्या वर्षांचे गुण) जमवून लागला होता. टॅग लागला की पॉइंट शून्यावर येतात, गोळी लागो न लागो.

हिवाळ्यात एका म्हाताऱ्या गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) गेलो. त्याने स्कोप उतरवला, बेस दोन बोटांत धरून हलवला, आणि तो हलला! पुढचा स्क्रू गरजेपेक्षा लांब होता. आत बॅरलच्या धातूवर टेकल्यामुळे तो घट्ट बसल्यासारखा वाटायचा, पण बेसला दाबतच नव्हता. म्हाताऱ्याने स्क्रू थोडा घासला आणि पंधरा-वीस मिनिटांत काम संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तीही दोनदा.

म्हणून आधी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि स्कोप उतरवा. बेसचा एकेक स्क्रू काढा, टोकाला मार्करची शाई लावा, पुन्हा आवळा, काढा. टोकाची शाई खरवडली असेल तर तो तळाशी टेकतोय. बऱ्याच बोल्ट-ॲक्शन रायफलींत सगळ्यात पुढचं भोक उथळ असतं आणि आखूड स्क्रू तिथेच जायचा असतो. पाकिटात चारही मिसळलेले असतात, घाईत अदलाबदल होते. इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क ड्रायव्हर (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पेचकस) घ्या. किती आवळायचं ते बेस आणि रिंगच्या कागदावर असतं, मनगटाच्या अंदाजाने नको. (मी गनस्मिथ नाही. हात कचरत असेल तर जाणत्याकडे न्या, फक्त समोर उभं राहून करवून घ्या.)

आता स्कोपबद्दल. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. सूचिपर्णी झाडांच्या गर्द रानात एल्क साठ यार्डांवर समोर येतो. २५ पटीवर शंभर यार्डांवरसुद्धा जेमतेम चार-पाच फूट रुंदीचं दिसतं आणि नर एल्क सात-आठ फूट लांब. म्हणजे काचेत नुसती तपकिरी केसाळ भिंत. संधिप्रकाशाचंही गणित करा: ५६ भागिले २५ म्हणजे सव्वादोन मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येणार. साधा ३-९x४० सहा पटीवर ठेवलात तर साडेसहा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर जो अर्धा-अर्धा तास कायद्याने मिळतो, त्यात हाच फरक कामाला येतो. शिवाय ५६ची काच म्हणजे उंच रिंग, त्यामुळे गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. वजन जवळपास किलोभर, तेही दहा हजार फुटांवर वाहायचं. ३-९ किंवा २-१० घ्या, आय रिलीफ (डोळा आणि स्कोपमधलं अंतर) चार इंचांच्या आसपास बघा, नाहीतर गोळीच्या धक्क्याने स्कोप आदळून भुवईवर चंद्रकोर उमटते. माझ्या आहे. २०० यार्डांवर झिरो केलात तर १८० ग्रेन वजनाची गोळी ३०० ला आठ-नऊ इंच पडेल. पहिल्या वर्षी त्यापुढचा विचारच करू नका. उरलेल्या पैशांत १०x४२ची दुर्बीण घ्या. झाडीत काय हललं ते स्कोपमधून बघायची सवय वाईट, तिथे माणूसही असू शकतो.

जाता जाता दोन गोष्टी. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. आणि जुना स्कोप पुण्यातल्या भावाच्या एअर रायफलसाठी बॅगेत टाकून नेऊ नका. रायफल स्कोप अमेरिकेबाहेर नेण्यावर निर्यातीचे निर्बंध आहेत. माझा मावसभाऊ अजून रुसलेला आहे.

शाईचं काय झालं ते मात्र इथे नक्की लिहा. पुढच्या स्क्रूपासून सुरुवात करा.