अमेरिकेत घर घेतोय, काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) साइटवर प्लॉटची जी हद्द दिसते ती खरी धरायची का?

कुंपण घालायचं असेल तर अजिबात नका धरू. ती रेघ मुळात टॅक्ससाठी असते, म्हणजे जुने प्लॅट (जमिनीचे तुकडे पाडल्याचे नोंदलेले नकाशे), खरेदीखतं, सर्व्हे बघून प्रत्येक तुकड्याला नंबर मिळतो आणि जीआयएसवाले (कॉम्प्युटरवर नकाशे करणारे) तो तुकडा विमानातून काढलेल्या फोटोवर बसवतात. सिएटलकडच्या किंग काउंटीचा पार्सल व्ह्युअर, म्हणजे प्लॉटचा ऑनलाइन नकाशा, उघडून बघा, प्लॉटचा 10 आकडी नंबर टाकला की प्लॉट लगेच सापडतो, पण झूम केलं की कधीकधी रेघ चक्क शेजाऱ्याच्या छपरावरून गेलेली दिसते! हद्द पक्की करायची तर लायसन्सवाला सर्व्हेअरच बोलवा, आपल्याकडे सातबारा असला तरी मोजणी आणतो ना, तसंच.

पण त्याच नकाशावर शहराची हद्द आणि शाळा, फायर, सीवर (सांडपाणी) यांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे कोणाची सेवा कुठपर्यंत ते दाखवणाऱ्या लेयर मात्र नक्की ऑन करून बघा, कारण पत्त्यात सिएटल असतं आणि घर शहराच्या हद्दीबाहेर निघतं, मग परमिट काउंटीकडून घ्यावं लागतं, असं खूप होतं.

प्लॉटच्या नकाशाचा हा डेटा बऱ्याच ठिकाणी फुकट डाउनलोड होतो. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटी त्याचे भरमसाट पैसे मागत होती, 2013 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा सार्वजनिक रेकॉर्ड आहे, फक्त कॉपीचा खर्च घ्या. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो.