जानेवारीत फोर्सिथियाच्या फांद्या घरात फुलवता येतात का?

हो, नक्की येतात. फोर्सिथिया म्हणजे वसंतात पिवळ्या फुलांनी बहरणारं झुडूप. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, फक्त त्यांना ६ ते ८ आठवडे कडक थंडी मिळायला हवी. म्हणून डिसेंबरात घाई नको. इथे न्यू जर्सीत आम्ही जानेवारीअखेर, बर्फ वितळायला लागलेल्या एखाद्या दुपारी फांद्या कापतो. टपोऱ्या कळ्यांच्या फांद्या बघून घ्या. बारीक, टोकदार कळ्यांतून बहुधा पानंच निघतात. देठ तिरका कापून फांद्या रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा. नंतर मात्र खोली गारच हवी, १५ ते १८ अंश सेल्सिअस. हीटरजवळ ठेवल्या की कळ्या सुकून गळतात, आणि फार वाईट वाटतं. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. साधारण दोन आठवड्यांत तपकिरी खवल्यांतून हळदीसारखी पिवळी रेघ डोकावते. मग फुलदाणी खुशाल बैठकीत आणा.