अपडेट घ्यायचं, पण अक्षरं आपलीच ठेवायची

प्रश्न : मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. वय साठीच्या पुढे, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. म्हणून संगणकावरची अक्षरं दीडपट मोठी करून घेतली आहेत. परवा रात्री कामाच्या फायली उघड्याच ठेवून झोपले. सकाळी बघते तर संगणक आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झालेला, अक्षरं मुंगीएवढी. छपाई द्यावी तर कागद निघत नाही, पीडीएफ तयार होते. ब्राउझरही भलताच उघडतो. मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘अपडेट आलं असेल, चालायचंच.’ मला न विचारता माझ्या संगणकात ढवळाढवळ करायचा अधिकार यांना दिला कुणी? अपडेट कायमचं बंद करून टाकू का? निदान पहिल्यासारखं तरी करता येईल का?

उत्तर : ‘चालायचंच’ हे मला मुळीच मान्य नाही. अक्षरांचं माप ही तुमची हौस नव्हे, त्यावर तुमचं काम चालतं. ते बदलण्याआधी तुम्हाला विचारायलाच हवं होतं.

तुमच्याकडे कोणती प्रणाली आहे ते पत्रात नाही. पुष्कळ वाचकांकडे विंडोज असते, म्हणून तिच्याबद्दल सांगते. मेन्यूंची नावं विंडोज ११ मधली आहेत.

आधी अधिकाराचं. संगणक पहिल्यांदा सुरू करताना एक लांबलचक करारनामा समोर येतो आणि तो स्वीकारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अपडेट आपोआप येतील, दर वेळी वेगळी सूचना मिळणार नाही, हे त्यातच मान्य करून घेतलेलं असतं. कायद्याने ही संमती झाली. पण जिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथल्या ‘हो’ला मी तरी परवानगी म्हणणार नाही.

आता अपडेट बंद करण्याचं. तेवढं मात्र करू नका. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जे अपडेट येतं, ते मुख्यतः सुरक्षेतली भोकं बुजवायला असतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तो ज्या भोकातून शिरला, त्यावरचा उपाय मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सापडले. तुमच्याकडे तर दुसऱ्यांची अप्रकाशित हस्तलिखितं असतात.

गडबड होते ती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या, मोठ्या अपडेटमुळे. त्यात पुष्कळदा जवळजवळ पूर्ण प्रणालीच नव्याने बसवली जाते. जुनी एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवतात आणि तुमच्या सेटिंग तिथून उचलून नव्या घडीत आणतात. या ने-आणीत एखादी सुटली, की तिच्या जागी कंपनीने ठरवलेली येऊन बसते. शिवाय पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा छोटा प्रोग्रॅमही अपडेटबरोबर बदलू शकतो, आणि मग अक्षरांचं माप ‘शिफारस केलेल्या’ आकड्यावर जातं. तुमचं बहुधा हेच झालं असावं. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये तर काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या. ते थोड्याच दिवसांत थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिलं गेलं.

सुरक्षेचं अपडेट आणि हे बदल एकाच गाठोड्यात बांधून का द्यावेत? हा माझाही जुना राग आहे. वेगळे करता येत नाहीत असं मुळीच नाही. विंडोज १० आली २०१५ मध्ये, तेव्हा घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारायची सोयच नव्हती. लोकांनी आरडाओरडा केला. मग मे २०१९ पासून घरगुती वापरणाऱ्यांनाही अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येऊ लागलं, आणि मोठं अपडेट आपण बटण दाबेपर्यंत थांबू लागलं, निदान हातातल्या आवृत्तीला कंपनीकडून सुरक्षेची अपडेट मिळायची मुदत संपत येईपर्यंत. तक्रार केल्याने फरक पडतो तो असा. तेव्हा तुम्हीही कंपनीला कळवाच. ‘फीडबॅक हब’ नावाचं ॲप त्यासाठीच आहे. अक्षरांच्या मापाचं आणि डोळ्यांचं त्यात स्पष्ट लिहा.

सेटिंगमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा. नवं अपडेट सगळ्यांच्या आधी मिळावं अशी एक कळ तिथे आहे, ती बंद असू द्या. मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये तुमच्या कामाची वेळ घाला. अठरा तासांपर्यंत घालता येते आणि त्या वेळात संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. पण रात्रीच्या उरलेल्या तासांत होऊ शकतो, म्हणून झोपण्याआधी फायली जतन करून बंद कराच.

छपाईचं कोडं सोपं आहे. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये मुख्य प्रिंटर विंडोजने ठरवावा अशी एक कळ असते. ती चालू असली की शेवटचं काम जिथे दिलं, तोच मुख्य प्रिंटर होतो. तुम्ही एकदा जरी पीडीएफ काढली असेल, तर पुढची छपाईही तिकडेच वळते. ती कळ बंद करा आणि आपला प्रिंटर हाताने मुख्य ठरवा. ब्राउझर ‘ॲप्स’मधल्या ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये बदलता येईल. अपडेटनंतर ‘संगणकाची मांडणी पूर्ण करा’ असा पडदा येतो, त्यावर घाईने ‘पुढे’ दाबलं की ब्राउझर बदलून जाण्याची शक्यता असते. ‘नोटिफिकेशन्स’च्या अगदी तळाशी, जादा सेटिंगमध्ये, हा पडदा बंद करता येतो.

अक्षरांसाठी ‘डिस्प्ले’मध्ये ‘स्केल’ पुन्हा १५० टक्के करा. सगळं मनासारखं झालं की त्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. संगणकातल्या संगणकात ठेवू नका. पुढच्या वेळी काय बदललं ते शोधत बसावं लागणार नाही.

मागे जाण्याबद्दल : मोठं अपडेट असेल तर साधारण दहा दिवसांच्या आत ‘सिस्टिम’मधल्या ‘रिकव्हरी’तून आधीच्या आवृत्तीवर जाता येतं. मुदत संपली की जुनी प्रणाली पुसली जाते. तुमची मुदत उरली असली, तरी एवढ्यासाठी मी ते करायला सांगणार नाही. फायली राहतात, पण अपडेटनंतर घातलेले प्रोग्रॅम आणि केलेल्या सेटिंग जातात, आणि ते अपडेट पुन्हा दारात येतंच. प्रोग्रॅम चालेनासा झाला किंवा पडदा सारखा काळा पडू लागला, तर मात्र वेळ न घालवता मागे जा. त्याआधी हस्तलिखितांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या.