वीस तारखेला रिकामे होणारे पाकीट

ताई, आमच्या घरात मी, माझे पती, सासूबाई, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी असे पाच जण आहोत. पतींच्या एकट्याच्या पगारावर घर चालते. किराणा, भाजी आणि दूध यांसाठी ते मला दर महिन्याला ठरावीक रक्कम देतात. ती तीन वर्षांपूर्वी ठरली होती. मी तिची चार आठवड्यांची चार पाकिटे करते, तरीही वीस-बावीस तारखेपर्यंत शेवटचे पाकीट रिकामे होते. मग दुकानात उधारी होते आणि ती पुढच्या महिन्याच्या पैशांतून फेडावी लागते. "एवढे पैसे जातात कुठे?" असे पती विचारतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसते. उधारीचे मी त्यांना सांगितलेले नाही. मी स्वतःचे दूध बंद केले आहे आणि महिनाअखेरीला सर्वांची जेवणे झाल्यावर उरेल तेवढेच खाते. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. मी संसार करायला नालायक आहे का? गेल्या महिन्याची दोन बिले सोबत पाठवली आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात घर करून असेल तर पुढचे काहीही नीट वाचले जाणार नाही. तुम्ही नालायक नाही. तीन वर्षांपूर्वी ही रक्कम ठरली तेव्हा तुमचा मुलगा अकरा वर्षांचा होता. आज तो चौदाचा आहे, आणि वाढीच्या वयातल्या मुलाची भूक मोठ्या माणसाइतकी किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे भाव वाढले ते वेगळेच, पण घरात जेवणारे एक माणूसही जवळजवळ वाढले आणि रक्कम मात्र आहे तिथेच राहिली. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवून दिले होते की, उत्पन्न जितके कमी तितका त्यातला मोठा हिस्सा अन्नावर जातो. पगारातला एवढा मोठा भाग नुसता खाण्यावर कसा जातो, असे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे, म्हणून हे सांगितले. तो भाग मोठा आहे यात तुमचा उधळेपणा नाही.

आता तुमची बिले. ती पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण पत्रात जे सांगता आले नाही ते या दोन कागदांनी सांगितले.

पहिले बिल २ तारखेचे आहे आणि त्यात एकवीस वस्तू आहेत. त्यांतल्या आठ वस्तू पोटात जाणाऱ्या नाहीत: अंगाचा आणि कपड्यांचा साबण, शाम्पू, दंतमंजन, भांडी घासण्याची पावडर, फरशी पुसण्याचे द्रावण, कचऱ्याच्या पिशव्या आणि काडेपेट्या. या सर्वांची गरज आहे हे मान्य, पण त्या किराण्याच्या रकमेतून जातात आणि दोष मात्र जेवणाला लागतो. पुढच्या महिन्यापासून या वस्तूंची यादी वेगळ्या पानावर करावी आणि त्यांची बेरीजही वेगळी ठेवावी. तेवढ्यानेच "पैसे जातात कुठे" या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येईल.

दुसरे बिल २३ तारखेचे, पाचच वस्तूंचे आहे. त्यातली चहापूड, तेल आणि साखर पहिल्या बिलातही आहेत. फरक एवढाच की तिथे मोठी पाकिटे होती आणि इथे सर्वांत लहान. मी दोन्ही बिले शेजारी ठेवून प्रत्येक वस्तूचा शंभर ग्रॅमचा भाव काढला. चहापुडीची लहान पुडी मोठ्या पाकिटाच्या मानाने जवळपास सव्वापट महाग पडली आहे, आणि तेलाच्या लहान पिशवीचीही तीच गत आहे. हातात पैसे सर्वांत कमी असतात त्याच दिवसांत तुम्ही प्रत्येक वस्तूचा सर्वांत जास्त भाव देत आहात. हा तुमचा अविचार नव्हे. मोठे पाकीट परवडत नाही म्हणून लहान घ्यावे लागते, लहान महाग पडते म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा मोठे परवडत नाही. माझ्या मते तुमच्या ओढाताणीचे मूळ या फेऱ्यात आहे, आणि म्हणून काटकसरीच्या इतर शंभर सूचनांपेक्षा हा फेरा तोडण्याकडे आधी लक्ष द्यावे.

तो एकदम तुटणार नाही. एका महिन्यात एकच वस्तू निवडा. समजा ती तेल असेल, तर त्या महिन्यात बाकी सर्व नेहमीसारखे घेऊन फक्त तेल असे घ्यावे की ते महिनाभर नक्की पुरेल. महिनाअखेरीला तेलाची लहान पिशवी घ्यावी लागली नाही, की वाचलेले पैसे पुढच्या महिन्यात चहापुडीच्या मोठ्या पाकिटात घालावेत. त्यापुढच्या महिन्यात साखर. तीन-चार महिन्यांत २३ तारखेचे हे दुसरे बिल बरेच आखूड झालेले दिसेल. मात्र मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे समजून चालू नये. वजन आणि किंमत पाहून शंभर ग्रॅमचा भाव काढण्याची सवय लावावी. कित्येकदा पाकिटाची किंमत तीच राहते आणि आतले वजन गुपचूप कमी होते, तेही या हिशेबात लगेच उघडे पडते. जी वस्तू संपण्याआधी खराब होईल ती कितीही स्वस्त मिळाली तरी मोठी घेऊ नये.

पण "महिनाभर नक्की पुरेल" म्हणजे किती, हे कसे कळणार? इथे बहुतेक घरांत अंदाजपंचे कारभार चालतो. माझ्याही घरात अनेक वर्षे तो चालला. उपाय अगदी साधा आहे. तेलाचा डबा, चहापुडीची बरणी, साखरेचा आणि डाळीचा डबा यांवर कागदाची एक पट्टी चिकटवावी, डबा भरला त्या दिवशी तिच्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहावे, आणि रिकामा झाला की शेजारी ती तारीख लिहावी. माझ्याकडच्या साखरेच्या डब्यावरच्या पट्टीवर जेव्हा अशा तीन जोड्या झाल्या, तेव्हा मला कळले की दोन किलो साखर आमच्याकडे महिनाभर कधीच पुरत नव्हती. ती बावीस दिवसांत संपत होती आणि मी मात्र दर महिन्याला न चुकता दोनच किलो आणत होते. तुमची चहापूड २३ तारखेला संपली, ती बहुधा अशाच एखाद्या जुन्या अंदाजामुळे.

पाकिटांच्या पद्धतीबद्दलही थोडे लिहिते. ती सोडू नका, पण तिच्यातली एक चूक दुरुस्त करा. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि फेब्रुवारी सोडला तर कोणताही महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो. तीस दिवसांच्या रकमेचे चार समान भाग केले, की प्रत्येक पाकिटात खरे तर साडेसात दिवसांचे पैसे असतात आणि आपण ते सात दिवसांचे समजून खर्च करतो. म्हणजे दर आठवड्याला सुमारे ७ टक्के खर्च जास्त होतो आणि शेवटचे दोन-तीन दिवस उघडे पडतात. म्हणून असे करा. रक्कम हाती आली की सर्वप्रथम महिनाभर टिकणारे सामान घ्या. उरलेले पैसे भाजी, फळे, दूध आणि अंडी यांसाठी असतील. त्यांना महिन्याच्या दिवसांच्या संख्येने भागा, आलेल्या आकड्याला सातने गुणा आणि तेवढेच एका पाकिटात ठेवा. शेवटच्या दोन-तीन दिवसांचे पाचवे पाकीट लहान असेल, पण ते असलेच पाहिजे. पाहुणे येणार म्हणून आणखी थोडी रक्कम बाजूला निघाली तर उत्तम. सध्या निघणार नाही, हे मला समजते.

यानंतर वाया जाणाऱ्या अन्नाविषयी, कारण "भाजी फार सडते" हे वाक्य तुमच्या पत्रात ओझरते आले आहे आणि मला ते ओझरते वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. साली आणि हाडे यांसारखा न खाण्याजोगा भागही त्यात धरलेला आहे, तरी हॉटेले आणि दुकाने यांच्यापेक्षा घरांतून जास्त जाते, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे. फेकलेल्या भाजीचे पैसे कोणत्याही बिलात वेगळे दिसत नाहीत, म्हणून हिशेबात ही गळती सापडत नाही. एक आठवडाभर जे जे टाकून द्यावे लागेल ते वहीत लिहा: काय, किती आणि का. "का" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. पालेभाजी पिवळी पडली असेल तर ती पिकलेल्या केळ्यांजवळ किंवा सफरचंदांजवळ ठेवलेली होती का, हे पाहा. या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. शिजवलेले अन्न आंबत असेल तर ते ओट्यावर किती वेळ राहते ते पाहा. दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, ते फ्रिजमध्ये जायला हवे, आणि फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. पाकिटावरच्या तारखाही नीट वाचाव्यात. "बेस्ट बिफोर" ही तारीख चव आणि दर्जा यांबद्दल असते, त्यामुळे ती उलटून गेली म्हणून नीट बंद ठेवलेले कोरडे सामान लगेच फेकण्याचे कारण नसते. "यूज बाय" ही तारीख मात्र सुरक्षिततेची असते आणि ती पाळलीच पाहिजे.

भात आणि डाळी मोजून शिजवाव्यात. तांदूळ शिजला की साधारण तिप्पट होतो आणि सुकी कडधान्ये दुपटीहून अधिक फुगतात, त्यामुळे कोरडे असताना मूठभर जास्त पडलेले शिजल्यावर एका माणसाच्या ताटाएवढे होते.

मुलीच्या खाऊच्या पुड्यांवरून रोज वाद होतो असे तुम्ही लिहिले आहे. आठवड्याला एक पुडा तिने स्वतः निवडावा आणि त्याचे पैसे त्या आठवड्याच्या पाकिटातून तिच्याच हातांनी द्यावेत. नऊ वर्षांच्या मुलीला एवढे नक्की समजते.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केले तिच्याकडे येते. तुम्ही स्वतःचे दूध बंद केलेत आणि उरेल तेवढेच खाता, हे तुम्ही असे लिहिले आहे की जणू साबणाची एखादी वडी कमी आणली. तुमचे ताट ही बचतीची जागा नाही. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, याची कारणे अनेक असू शकतात, पण पंधरा ते एकोणपन्नास या वयातल्या जगभरातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना रक्तक्षय असतो आणि पोटाला चिमटा काढून राहणाऱ्या बाईला तो होण्याची भीती अधिक असते. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ही साधी तपासणी बहुतेक ठिकाणी होते. पैशांसाठी ती पुढे ढकलू नका. आणि आजपासून सर्वांबरोबर पानावर बसा. जे आहे ते पाच ताटांत वाढले तर कमी पडते आहे हे घरातल्या सगळ्यांना दिसेल, आणि ते दिसायलाच हवे. आजवर ती कमतरता फक्त तुमच्या ताटात पडत आली, म्हणून पतींना ती कधी जाणवलीच नाही.

उधारीचेही त्यांना सांगा. ते रागावतील अशी तुम्हाला भीती आहे, आणि पत्रावरून मला वाटते की पहिल्या दिवशी ते कदाचित रागावतीलही. पण त्यांचा "पैसे जातात कुठे?" हा प्रश्न तुमच्याकडे उत्तर नसल्यामुळे आरोपासारखा वाटतो, आता तुमच्याकडे उत्तर आहे. निवांत वेळ पाहून त्यांच्यासमोर चार कागद ठेवा: ही दोन बिले, साबण-पावडरींची वेगळी केलेली यादी, आणि उधारीचा आजचा पूर्ण आकडा, त्यातले काहीही न लपवता. "मला जास्त पैसे द्या" अशी सुरुवात करू नका. "ही रक्कम तीन वर्षांपूर्वीची आहे, आज एवढ्या गोष्टी बदलल्या आहेत, आपण दोघे मिळून ती पुन्हा मांडू," असे म्हणा. उधारी एका महिन्यात फेडण्याचा हट्ट धरला तर पुढचा महिना पुन्हा वीस तारखेलाच संपेल, म्हणून तिचे चार किंवा पाच हप्ते करावेत आणि दुकानदाराशी तसे बोलून घ्यावे. नियमित येणाऱ्या गिऱ्हाइकाचे म्हणणे तो बहुधा ऐकतो. त्या काळात नवी उधारी मात्र करू नये. आणि पुढच्या महिन्यापासून भाजी आणायला आठवड्यातून एकदा पतींनी जावे, त्या आठवड्याचे पाकीट खिशात घेऊन. सासूबाईंनाही या बैठकीत बसवा. त्यांनी यापेक्षा मोठे कुटुंब यापेक्षा कमी पैशांत चालवले आहे असे तुम्ही लिहिता, तर मग कोणती वस्तू कधी आणि किती आणायची हे त्यांच्याइतके तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?